सुचत नसेल, तर जाहीर नोटिसा वाचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत, लेखकाला नवे काही सुचत नसेल तर त्याने काय करावे, या विषयावर लेख आला होता. पहाटे फिरायला जावे, अनोळखी शहरात आठवडाभर राहावे, मोबाइलवर रोज एक विषय देणारे ॲप घ्यावे, कार्यशाळेला बसावे, असे बरेच उपाय त्यात होते. लेख वाईट नव्हता. पण लेखकमहाशयांनी त्याच अंकाचे आतले पान उलटले असते, तर निम्मे उपाय लिहायची वेळ आली नसती. त्या पानावर ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली, बारीक टायपात, जाहीर नोटिसा होत्या. एकीत मेलेल्या माणसाचे चार वारस होते आणि पाचव्याचा ‘ठावठिकाणा नाही’. दुसरीत बापाने मुलाला घराबाहेर काढले होते. आता यापुढे कोणत्या ॲपने कोणता विषय द्यायचा?

मी खानापूर तालुक्यातली. दुय्यम निबंधक कार्यालयात उभी नोकरी केली, वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले, आणि नोकरीत असल्यापासून दिवाळी अंकांसाठी कथा लिहिते. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून मराठी कथालेखकाचे वर्ष आश्विनात संपते. संपादकांचे फोन मात्र ज्येष्ठातच सुरू होतात. “ताई, यंदा काहीतरी फ्रेश द्या.” गेल्या खेपेला फ्रेश म्हणजे लिव्ह-इन होते, यंदा एआय आहे. मी हो म्हणते, फोन ठेवते आणि कपाटातला कात्रणांचा डबा काढते.

जाहीर नोटीस कशी जन्मते ते आधी सांगते, कारण शहरातल्या वाचकांना हे पान बहुधा ठाऊक नसते. जमीन घेणाऱ्याचा वकील मागच्या तीस वर्षांचा शोध घेतो, सातबारा आणि फेरफार पाहतो, तरी त्याच्या मनात धाकधूक राहतेच. म्हणून तो पेपरात देतो की, तमाम लोकांस कळविण्यात येते, खाली वर्णन केलेली मिळकत माझे अशील विकत घेत असून तीवर कोणाचा गहाण, दान, बक्षीस, वारसा, पोटगी, वहिवाट अगर अन्य कोणताही हक्क असल्यास चौदा दिवसांत लेखी पुराव्यासह हजर व्हावे. न आल्यास तसा हक्क नाही, असलाच तर सोडून दिला, असे समजून व्यवहार पुरा केला जाईल. हे मला आता झोपेतही म्हणता येईल. पण ती यादी सावकाश वाचा. पोटगी! म्हणजे कुठेतरी टाकलेली बायको आहे आणि तिचा घास या जमिनीत अडकलेला असू शकतो, ही शक्यता वकिलाने धरून ठेवली आहे. आणि हाक ‘तमाम लोकांस’ मारलेली असली, तरी ज्या एका माणसाने ती ऐकायला हवी तो पुष्कळदा हा पेपर खपतो त्या गावात राहतच नाही.

आमच्याकडे तो माणूस कुठे असतो तेही माहीत असते. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसे गलाईच्या धंद्यात आहेत. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे हा तो धंदा. कोइमतूर असो, कोची असो, कोलकाता असो, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात ॲसिडचा वास आला की तिथे आमच्याकडचे कोणीतरी भेटतेच. रानात पिकेना म्हणून एक भाऊ भट्टीवर गेला. त्याने मेव्हण्याला नेले, मेव्हण्याने चुलतभावाला. रान मागे राहिलेल्याच्या हाती आले. दसऱ्याला, जत्रेला, लग्नसराईत ही मंडळी गावी येतात, घरावर मजला चढवतात, देवळाला देणगी देतात आणि परत जातात. रानात कोण किती पुढे सरकले, बांध कोणी कोरला, हे बघायला चार दिवस पुरत नाहीत.

पूर्वी त्याचे फारसे बिघडत नव्हते, कारण कुसळे उगवणाऱ्या माळाला विचारतो कोण? मग टेंभूचे पाणी आले. १९९६ साली मंजूर झालेली ही योजना. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलायचे आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत माणदेशाकडे न्यायचे. कालवा, पोटपाट जसजसे पुढे सरकले तसतशा नोटिसा वाढत गेल्या. पाण्याआधी सरकारी पत्र येते, सरकारी पत्राआधी भाव येतो आणि भावाच्याही आधी येतात विसरलेले चुलते. आमच्या तालुक्यात पाणी कोणत्या वर्षी कुठवर पोहोचले ते मी आपल्या पेपरातल्या नोटिशींतले गट नंबर पाहून सांगू शकेन.

आता कोणी विचारेल, आयुष्यभर निबंधक कार्यालयात बसलेल्या बाईला नोटिशींची काय गरज? गोष्टी तर टेबलावरच येत असतील. येत होत्या. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला, आणि हक्कसोडपत्रांची रांग लागली. भावाने बहिणीला सकाळच्या एसटीने आणलेले असते. पिशवीत नव्या साडीची घडी दिसते. ओळखदार म्हणून गावचेच दोघे आलेले असतात. साहेब विचारतात, “दस्त वाचून समजला का? सही तुमचीच ना? कबूल आहे?” ती हो म्हणते, पण म्हणण्याआधी क्षणभर भावाकडे बघते. कधी बघत नाही, आणि ते न बघणे जास्त जड असते. एका बाईने मला विचारले होते, “बाई, ह्यो अंगठा दिल्यावर माहेरी जाता येतं ना?” कायद्यात याचे उत्तर नव्हते.

तरीही टेबलावरचे कागद मी कथेत आणले नाहीत. नोंदणी झालेला दस्त फी भरून कोणालाही पाहता येतो, ते गुपित नव्हे. पण माणसे माझ्यासमोर उभी राहून बोलली होती ती कारकुनाशी, लेखिकेशी नाही. नोटिशीचे तसे नाही. ती देणाऱ्याने पैसे मोजून, चारचौघांत ओरडून सांगितलेली असते. शिवाय तिच्यात जे सांगायलाच हवे तेवढेच असते आणि बाकी सगळे गाळलेले. टेबलासमोरच्या बाईचा चेहरा मला दिसला होता, म्हणून तिच्याबद्दल कल्पना करायला जागाच उरली नव्हती. नोटिशीतल्या बाईचे फक्त नाव, वय आणि ‘धंदा घरकाम’ एवढेच असते. तिथे मला काम मिळते.

एक उदाहरण देते. गावे, नावे, नंबर बदलून. नोटीस अशी होती की, आमच्या आजोबांनी सन १९७२ मध्ये अमुक गटातील जमीन खरेदी केली, तिचे मूळ खरेदीखत गहाळ झाले आहे, कोणास सापडल्यास अथवा त्या आधारे कोणी व्यवहार करत असल्यास कळवावे. रोजच्या पठडीतली नोटीस. पण १९७२ या आकड्याशी मी अडले. त्या दुष्काळात आमच्याकडे माणसे खडी फोडत होती. रोजगार हमीची कल्पना रुजली ती त्याच दिवसांत, दुष्काळी कामांवर. कामावरच्या माणसांना खायला सुकडी, म्हणजे कोरडा खाऊ, मिळायची. जनावरे मातीमोलाने गेली. अशा वर्षी जमीन विकणारा कोण, हे कोणीही ओळखेल. घेणारा कोण? त्या वर्षी या भागात कोणाच्या हातात पैसा होता? उत्तर एकच येत होते, जो भट्टीवर होता त्याच्या. परमुलखातून मनिऑर्डर आली आणि शेजाऱ्याचे रान आपले झाले. विकणाऱ्याची बायको मग कुठे खडी फोडायला गेली असेल? रस्त्याचे काम त्याच शिवारातून चालले असेल तर? म्हणजे परवापर्यंत स्वतःच्या असलेल्या बांधाला पाठ लावून ती दुपारी सुकडी खात असेल तर?

इथवर येणे सोपे होते, एका संध्याकाळचे काम. पुढे मात्र कथा हलेना. मला ती बाई रडताना दिसत होती, आणि रडणारी बाई म्हणजे वाचकाने आधीच शंभरदा वाचलेली बाई. मग मी आमच्या गल्लीतल्या एका आजींकडे गेले. त्या दुष्काळी कामावर होत्या. त्यांना जमिनीबद्दल काही विचारले नाही, फक्त सुकडीबद्दल विचारले. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, मुकादमाची नजर चुकवून ओच्यात लपवायची, घरी पोरांना न्यायची, आणि वाटेत भूक लागली की त्यातलीच चिमूट चिमूट खायची; घरी पोहोचेपर्यंत निम्मी संपलेली, मग पोरांना सांगायचे की आज कमीच दिली. झाले. माझी बाई रडायची थांबली. ती पोरांच्या वाट्याची सुकडी खाणारी, त्यावर खोटे बोलणारी आणि त्यासाठी स्वतःला कधी माफ न करणारी बाई झाली. जमीन गेल्याचे तिला तेवढे वाटत नाही, वाटते ते त्या चिमटीचे. पन्नास वर्षांनी नातू खरेदीखताची नोटीस वाचून दाखवतो तेव्हा ती भलत्याच गोष्टीबद्दल बोलते. कथा छापून आल्यावर कोणी त्यात जमिनीचा वाद शोधला, कोणी स्त्रीप्रश्न. असो.

सांगायचे असे की, नोटीस म्हणजे कथा नव्हे. नोटीस दार दाखवते, आत जायला दुसऱ्याच कोणाची तरी किल्ली लागते. पण ज्याच्याकडे दारच नाही त्याला ती किल्ली मागायची कोणाकडे हेही कळत नाही. तो मग स्वतःच्याच मनात डोकावत बसतो. माझ्या मते ‘सुचत नाही’ असे म्हणणाऱ्या पुष्कळ लेखकांचे हेच होते. त्यांनी स्वतःला वापरून संपवलेले असते. पहिल्या दोन संग्रहांत बालपण, आई, नोकरी, प्रेमभंग उरकतो, आणि तिसऱ्या संग्रहात लेखक हेच नायक होतात, त्यांना काही सुचत नसते.

सगळ्याच कात्रणांचे काही होते असेही नाही. मुलाला बेदखल केल्याच्या नोटिशी माझ्या डब्यात सर्वांत जास्त आहेत. ‘सदर इसम आमच्या सांगण्याबाहेर गेला असून त्याच्याशी कोणीही आर्थिक व्यवहार करू नये, केल्यास आम्ही जबाबदार नाही.’ कायद्याच्या दृष्टीने अशा नोटिशीने वडिलोपार्जित मिळकतीतला मुलाचा वाटा जात नाही. बापाची स्वकष्टाची मिळकत असेल तर त्याने मृत्युपत्र करावे, पेपरात छापून काय उपयोग? हे वकील बापाला सांगतोच. तरी बाप छापतो. का, यावर कथा व्हायला हवी. मला ती कधी लिहिता आली नाही, कारण बापाचीच बाजू खरी असे माझे आधीच ठरलेले असते. व्याजाने पैसे देणारे दारात येऊन बसलेले बाप मी फार पाहिले. जिथे निकाल आधीच लागला आहे तिथे कथा चालत नाही, निदान माझी तरी. ज्या दिवशी त्या मुलाची बाजू मला घ्यावीशी वाटेल त्या दिवशी बघू.

दुःखाचाच मामला असतो असेही समजू नये. नावांच्या नोटिशी वाचा. आधार कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, सातबाऱ्यावर तलाठ्याच्या कृपेने तिसरे, आणि खाली सहीनिशी निवेदन की ‘वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मी आहे’. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनाही इतक्या खात्रीने हे सांगता येणार नाही. एका गृहस्थांनी तर वयही दोन प्रकारचे दिले होते.

आणि समन्सच्या नोटिशी. प्रतिवादी सापडत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे न्यायालय पेपरातून समन्स काढायला सांगते, आणि पेपर कोणता, तर तो माणूस शेवटचा जिथे राहत होता किंवा धंदा करत होता असे माहीत आहे, त्या भागात खपणारा. म्हणजे ज्या गावातून तो नाहीसा झाला तिथेच त्याला हाक मारायची! वारस दाखल्याच्या नोटिशींवर तर अजून ‘मुंबई रेग्युलेशन ८, सन १८२७’ असे छापून येते. पेशवाई बुडून दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हाचा तो नियम, आणि त्याच्याखाली परवा वारलेल्या एसटी कंडक्टरचे नाव. ऐतिहासिक कादंबरीसाठी लोक किल्ले चढतात. चढोत बापडे.

हे काही माझे संशोधन नाही. फ्रान्समध्ये स्तांधालने न्यायालयीन वृत्ते छापणाऱ्या पत्रातला १८२७ सालचा एका तरुणाचा खटला वाचून १८३० मध्ये कादंबरी लिहिली. आपल्याकडे विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ हे नाटक इंग्रजी दैनिकाच्या एका बातमीदाराने बाई विकत घेऊन उघडकीस आणलेल्या व्यापारावरून सुचले. दोघांनीही बातमी होती तशी ठेवली नाही. तेंडुलकरांनी तर पत्रकाराच्या घरातच पाहिले आणि त्याच्या बायकोकडे नजर वळवली. बातमीत ती बायको कुठे होती?

नव्या लेखकांनी हा मार्ग धरला तर एक पथ्य मात्र पाळावे. नोटिशीखाली वकिलाचा फोन नंबर असतो, त्यावर फोन करू नये. पक्षकारांच्या गावी जाऊन चौकशी तर मुळीच नको. ती माणसे आधीच अडचणीत असतात, त्यात आपण ‘मी लेखिका’ म्हणून उभे राहायचे काही कारण नाही. तालुका, आडनाव, जमिनीचे क्षेत्र, भावंडांची संख्या, सगळे बदलावे. बदलता बदलता कधी कथा सुधारते. चार भावांच्या जागी तीन बहिणी केल्या तर भांडणच वेगळे होते.

आता मुद्द्याचे, ज्यासाठी हे पत्र लिहिले. अलीकडे जिल्हा आवृत्तीतल्या नोटिशींचे पान आमच्याकडे नियमित येत नाही. काही दिवशी त्या जागी पूर्ण पान जाहिरात असते आणि नोटिसा शेजारच्या आवृत्तीत गेल्याचे विक्रेता सांगतो. ज्यांच्या जमिनीची नोटीस आहे त्यांच्याच गावात ती वाचायला मिळणार नसेल तर ‘तमाम लोक’ कोण? हे मी लेखिका म्हणून नव्हे, जुनी कारकून म्हणून विचारते. दुसरे, टायप. चाळिशी लावूनही गट नंबर वाचता येत नाही. नोटीस देणाऱ्याला हे सोयीचे असेलही, वाचणाऱ्याला नाही.

आणि जुने अंक. आमच्या वाचनालयात पेपर काही महिने ठेवतात, मग रद्दीत जातात. त्यांच्याकडे जागा नाही, दोष कोणाला द्यायचा. आपल्या संकेतस्थळावर ई-पेपर मागच्या थोड्याच दिवसांचा दिसतो. छापलेली प्रत ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवण्याचा कायदा १९५४ पासून आहे आणि १९५६ पासून तो वृत्तपत्रांनाही लागू झाला. मुंबईत एशियाटिकच्या पायऱ्या चढून जाणाऱ्याची सोय त्याने होते. विट्याच्या मुलीची होत नाही. आपल्या जिल्हा कार्यालयात जुन्या फाइली बांधून ठेवलेल्या आहेत असे ऐकून आहे. आठवड्यातून एक दुपार त्या वाचकांना बसून पाहता आल्या तर फार बरे होईल. प्रत नको, फोटो नको, पेन्सिलीने टिपून घेऊ. फी ठेवलीत तरी चालेल. आमच्याकडे कथा लिहिणाऱ्या चार-पाच मुली आहेत. दोघी बँकेत, एक शिक्षिका, एक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. त्या मला ‘मॅडम, विषय द्या’ म्हणतात. त्यांना घेऊन मी येईन. चहा आमचा आम्ही घेऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक, विटा (जि. सांगली)
(नाव व पत्ता संपादकांकडे)

ता. क. : गेल्या मंगळवारच्या अंकात शेतजमिनीच्या एका नोटिशीत चतुःसीमेपैकी पूर्वेस ओढा आणि पश्चिमेसही तोच ओढा छापला आहे. ओढा वळसा घालून आला असेल तर गोष्ट वेगळी, पण बहुधा जुळणीत ओळ दोनदा पडली असावी. हरकतीची मुदत अजून संपलेली नाही. संबंधित वकिलांना कळवून शुद्धिपत्र छापावे, नाहीतर पश्चिमेच्या शेजाऱ्याला आपला बांध यात येतो हे समजणारच नाही.